कळसूबाईवरून समुद्र दिसतो का?

पाऊलवाट
बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आज विचारूनच टाकते. माझे बाबा इगतपुरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९६८ साली नवरात्रात गावकऱ्यांबरोबर ते कळसूबाईला गेले. त्यानंतर दरवर्षी घट बसले की एकदा तरी सांगायचे, "मी कळसूबाईवरून समुद्र पाहिलाय." पश्चिमेला चकाकणारी एक बारीक रेघ दिसली म्हणायचे. माझा भाऊ इंजिनिअर आहे. तो म्हणतो की एवढ्या लांबून समुद्र दिसणं शक्य नाही, बाबांनी एखादं धरण पाहिलं असेल.
बाबा गेल्या वर्षी गेले. मी स्वतः दोनदा जाऊन आले. एकदा श्रावणात, तेव्हा शेजारचा माणूस दिसत नव्हता. एकदा डिसेंबरात, तेव्हा कुलंगच्या पलीकडे नुसता धुरकट पांढरा पडदा.
डोंगराच्या माथ्यावरून किती लांबचं दिसू शकतं? कुणी नीट समजावून सांगेल का? मला हिशेबासकट उत्तर हवं आहे.

घाटपायथा
नाही दिसत. पंधरा-सोळा वेळा गेलोय, सगळ्या ऋतूंत. अलंग-मदन-कुलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचं पाणी हे सगळं दिसतं. समुद्र कधीच नाही.

त्रिज्या
ताई, हिशेब सोपा आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे ठरावीक अंतरानंतर जमीन आपल्या नजरेच्या रेषेखाली जाते. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. येईल ते क्षितिजाचं अंतर, किलोमीटरमध्ये.
गिरगाव चौपाटीवर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर असतात. त्याचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर. कळसूबाई १६४६ मीटर. वर्गमूळ साधारण ४०.६, म्हणजे क्षितिज सुमारे १४५ किमीवर.
आता नकाशा उघडा. कळसूबाईपासून सरळ पश्चिमेला केळव्याचा किनारा आहे, अंतर जेमतेम १०४-१०५ किमी. क्षितिज त्याच्याही ४० किमी पुढे, भर समुद्रात. तुमच्या भावाला सांगा, "शक्य नाही" हे चूक आहे.

भर_दुपारी
म्हणजे दिसतो! एका प्रतिसादात धागा संपला की!

घाटपायथा
त्रिज्या, कागदावर दिसतो हो. मी डोळ्यांनी म्हणतोय.

माळरान
यात वर्गमूळ आहे ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. चौपट उंच चढावं तेव्हा कुठे दुप्पट लांबचं दिसतं. एव्हरेस्ट ८८४९ मीटर, कळसूबाईच्या पाचपटीहून उंच. तिथलं क्षितिज सुमारे ३३६ किमी, म्हणजे आपल्या सव्वादोन पटच. पहिल्या हजार मीटरमध्ये सह्याद्री आपल्याला किती देऊन जातो बघा.

त्रिज्या
आणि हे झालं सपाट समुद्राचं क्षितिज. समोर दुसरं शिखर असेल तर दोघांची क्षितिजं बेरजेत घ्यायची. साल्हेर १५६७ मीटर, त्याचं क्षितिज १४१ किमी. कळसूबाई आणि साल्हेर एकमेकांपासून सव्वाशे किमीवर. बेरीज २८६ किमी होते, तेव्हा पृथ्वीची गोलाई या दोघांच्या मध्ये येतच नाही. आली तर सातमाळा रांग येईल.

खडकवासलेकर
विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे कुठून काय दिसतं हा राज्यकारभाराचा प्रश्न होता. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगड घेतला त्या रात्री मावळ्यांनी पागेच्या खणांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं सभासद आपल्या बखरीत लिहितो. दोन गडांमधलं हवाई अंतर साधारण १५ किमी. निरोप्या घोड्यावरून गुंजवण्याच्या खोऱ्यात उतरून राजगड चढणार म्हणजे किती तास गेले असते! उजेड त्याच क्षणी पोचला.
राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभं राहिलं की सिंहगड, तोरणा, पुरंदर, लिंगाणा, रायगड ही सगळी मंडळी दिसतात. मी वडिलांच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा ही नावं शिकलो. पाऊलवाट, तुमची गोष्ट वाचून ते आठवलं.

थाळघाट
मी कसाऱ्याचा. भावाची शंका मला रास्त वाटते. कळसूबाईच्या पश्चिमेला समुद्राच्या आधी पाणीच पाणी आहे. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मुंबईचं बहुतेक सगळं पिण्याचं पाणी याच पट्ट्यात. कलत्या उन्हात तानसा असा चमकतो की नवख्या माणसाला समुद्रच वाटावा. बाबांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, त्यांनी तेच पाहिलं असावं.

पाऊलवाट
थाळघाट, राग नाही आला. पण हे १९६८ सालचं आहे. तेव्हा यातली कोणती धरणं होती?

थाळघाट
चांगला मुद्दा. भातसा आणि अप्पर वैतरणा नंतरचे, तेव्हा भरलेच नव्हते. तानसा मात्र १८९२ चा आणि मोडकसागर १९५७ चा. दारणा जुनाच, पण तो उत्तरेला. भंडारदरा दक्षिणेला. म्हणजे पश्चिमेला चमकण्यासारखे दोन तलाव होतेच.

सरळमार्गी
मला कळत नाही, बाबा म्हणाले पाहिला तर पाहिला. त्यात एवढा काथ्याकूट कशाला? काही आठवणी मोजू नयेत.

पाऊलवाट
सरळमार्गी, तुमचा हेतू कळला, आभार. पण माझे बाबा गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या नसतील तर अर्धे गुण कापायचे, माझेसुद्धा. त्यांची गोष्ट मला पायऱ्यांसकट हवी आहे.

त्रिज्या
मग पायऱ्या मांडू.
माथ्यावर उभं राहिल्यावर नजर अगदी समपातळीत ठेवली तर ती आकाशात जाते. समुद्राचं क्षितिज त्या रेषेच्या थोडं खाली असतं. कळसूबाईवरून ते १.३० अंश खाली येतं. केळव्याचा किनारा १.३७ अंश खाली. म्हणजे किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंतचा चाळीस किलोमीटर समुद्र आपल्या डोळ्याला केवळ ०.०७ अंशाच्या पट्टीत मावतो. पौर्णिमेचं चंद्रबिंब अर्ध्या अंशाचं. त्याच्या सातव्या भागाइतकी जाडी.
बाबा "बारीक रेघ" म्हणाले ना? समुद्र म्हटल्यावर आपण निळं मैदान डोळ्यांसमोर आणतो. कळसूबाईवरून तो कधीच तसा दिसणार नाही. रेघच दिसेल. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग ओळखता येतो. ही पट्टी चार कलांची आहे.

घाटपायथा
हे मला नवीन आहे. मी इतकी वर्षं मैदान शोधत होतो.

दीपस्तंभ
त्रिज्या, तुमच्या हिशेबात हवा नाही. हवा खाली दाट आणि वर विरळ, त्यामुळे प्रकाश सरळ न जाता जमिनीच्या बाजूला किंचित वाकतो आणि क्षितिजापलीकडचं थोडं दाखवतो. सर्वसाधारण दिवशी ३.५७ च्या जागी ३.८६ धरायचे. कळसूबाईचं क्षितिज १४५ वरून १५७ किमीवर जातं आणि ती पट्टीही चार कलांऐवजी सहा कलांची होते.
हे किरकोळ वाटेल, पण जगातला सर्वांत लांबचा म्हणून गिनेसमध्ये नोंदवलेला फोटो पाहा. पिरिनीजमधल्या सुमारे २८२५ मीटरच्या फिनस्ट्रेल शिखरावरून आल्प्समधलं ३८८३ मीटरचं पिक गास्पार, १३ जुलै २०१६ च्या पहाटे, अंतर ४४३ किमी. नुसत्या गोलाईचा हिशेब केला तर दोघांची बेरीज ४१२ किमी येते. म्हणजे फोटो अशक्य! वाकलेला प्रकाश धरला की ४४६. तीन किलोमीटर राखून जमलं.

भर_दुपारी
बापरे. ४४३ म्हणजे पुण्याहून पणजी ओलांडून पुढे. पण एवढ्या लांबचा डोंगर धुरकटपणात विरघळत नाही का?

दीपस्तंभ
विरघळतो, म्हणून तर पहाटेची वेळ. सूर्य त्या शिखराच्या मागून उगवत होता, तेव्हा शिखर काळ्या कातरकामासारखं उठून दिसलं. दिवसा बघाल तर मधल्या हवेचा निळसर उजेडच डोंगरावर पसरतो आणि डोंगर आकाशाच्या रंगाचा होऊन जातो. धुळीचा कणही नसलेल्या शुद्ध हवेतसुद्धा समुद्रसपाटीला तीनशे किमीच्या आसपास सगळं पुसलं जातं. आपल्या मोसमात धूळ, धूर आणि बाष्प मिळून वीस-तीस किमीवरच पडदा पडतो. गोलाई तुम्हाला दीडशे किमी देते आणि हवा त्यातले सव्वाशे परत घेते.

हिंगणघाटची_लेक
हवेवरून आठवलं. आमच्या हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ ज्याने भारताच्या त्रिकोणी मोजणीची पहिली पायारेषा मोजली तो हा. मोजणी करत करत उत्तरेकडे सरकताना जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. शाळेत असताना मला वाटायचं की कुणी तरी साहेब, झालं. नंतर कळलं की या लोकांचं सगळं काम "इथून ते शिखर दिसतंय का" या एका प्रश्नावर चालायचं. पावसाने धुतलेली हवा मिळावी म्हणून ते पावसाळ्यात आणि लगेच त्यानंतर बाहेर पडायचे, आणि तोच तापाचा काळ. कितीतरी खलाशी, म्हणजे मोजणीचे मदतनीस, आणि मोजणीदार तापाने गेले. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.
एव्हरेस्टची उंची ज्या निरीक्षणांवरून काढली तीही १८४९-५० मध्ये बिहारच्या मैदानातून घेतलेली, पावणेदोनशे किलोमीटर आणि त्याहून लांबून. मोजणी खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांनी आकडेमोड केली ती याच वाकणाऱ्या प्रकाशाची दुरुस्ती धरून.

खडकवासलेकर
ताई, हिंगणघाटला येईन तेव्हा ती कबर नक्की पाहीन. माहिती नव्हती.

पूर्वा_तोक्यो
मी तोक्योजवळ राहते. फुजी ३७७६ मीटर. इथे तो कुठून कुठून दिसतो याच्या याद्या केल्या जातात, गावोगावी "फुजी दिसणारी खिंड", "फुजी दिसणारा चढ" अशी नावं आहेत. सर्वांत लांबची जागा वाकायामा भागात, ३२२.९ किमीवर. २००१ पर्यंत तिथून तो दिसतो हे कुणी फोटोने सिद्ध केलं नव्हतं. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून शंभरेक किमीवरचा फुजी हिवाळ्यात कोरड्या हवेत सकाळी लख्ख असतो, उन्हाळ्यात महिनोन्महिने गायब.
भारतात मात्र हिवाळ्याची हवा उलट वागते ना? मला आठवतं, नाशिकला डिसेंबरात सकाळी चामर लेणीसुद्धा फिकट दिसायची.

दीपस्तंभ
पूर्वा, बरोबर. आपल्याकडे हिवाळ्यात गार हवा तळाशी बसते आणि वरच्या उबदार हवेचं झाकण पडतं. खालचा धूर, चुलींचा, गाड्यांचा, शेत जाळल्याचा, बाहेरच पडत नाही. कळसूबाईवरून डिसेंबरात जी तपकिरी रेषा दिसते ते हे झाकण. ताई डिसेंबरात गेल्या, त्यांना पडदाच दिसणार होता. पाऊस नुकता सरलेला, जमीन अजून ओली, धूळ उडत नाही, असे चार-दोन दिवस मिळतात तेच खरे. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा.
२०२० च्या टाळेबंदीत जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारचा बर्फ दिसला होता, आठवतं? डोंगर जागचे हलले नव्हते, हवा बदलली होती. १९६८ ची हवा तशीच धरायला हरकत नाही.

कुलंगवारी
हवेचं झालं, आता मध्ये काय येतं ते बघा. कुलंग जवळजवळ पश्चिमेलाच आहे, किंचित दक्षिणेकडे झुकून, कळसूबाईपासून आठेक किमी. उंची १४७० मीटर. म्हणजे १७६ मीटरने खाली. त्याचा माथा समपातळीच्या रेषेखाली किती अंश येतो काढा. सव्वा अंशाच्या थोडं वर. आणि समुद्राचं क्षितिज १.३ अंशावर! कुलंगचा माथा आणि क्षितिज अगदी एका ओळीत येतात. कुलंगच्या डोक्यावरून समुद्र बघायला गेलात तर कठडाच आडवा येतो. उजवीकडे, ठीक पश्चिमेला आणि वायव्येला मोकळं आहे.

नकाशावेडा
आणखी एक अडसर. किनाऱ्याजवळच्या डोंगरांचा हिशेब केला. कळसूबाईपासून ९० किमीवर अडीचशे-तीनशे मीटरचा डोंगर असला तरी तो समुद्राची ती पट्टी पूर्ण झाकतो. आणि पालघर-वसई पट्ट्यात कोहोज, टकमक, तांदुळवाडी हे तिन्ही किल्ले त्याहून उंच. दक्षिणेला तुंगारेश्वर आणि बोरिवलीचे डोंगर. तेव्हा समुद्र दिसलाच तर अखंड रेघ दिसणार नाही. डोंगरांच्या फटींतून तुकड्यातुकड्याने दिसेल, नदीच्या खोऱ्यावरून, खाडीवरून.
मोबाईलवर पीकफाइंडर हे डोंगर ओळखायचं अ‍ॅप असेल तर घरी बसून माथ्यावरची रेखाकृती पाहता येते. पण एवढ्या बारीक फटीसाठी मी त्याच्यावर विसंबणार नाही.

थाळघाट
मग तलाव की समुद्र, हे ओळखायचं कसं? मी अजून तानसावरच आहे.

गवंडीकाका
मी बांधकामातला माणूस, अंश-कला माझ्या कामाचं नाही. पण पातळी माझ्या रोजच्या कामाची. आमच्याकडे पाण्याची नळी असते, पारदर्शक. दोन्ही तोंडं वर धरली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीत. त्रिज्या दादा, नळीची दोन टोकं एकमेकांपासून एक मीटरवर उभी धरली आणि जवळच्या पाण्यावरून लांबच्या पाण्याकडे बघितलं, तर समुद्राचं क्षितिज लांबच्या नळीत किती खाली दिसेल?

त्रिज्या
काका, तुम्ही धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न विचारलात. एक मीटरला समुद्राचं क्षितिज सव्वादोन सेंटिमीटर खाली. तानसा-मोडकसागर ४०-४६ किमीवर आहेत, ते पावणेचार ते चार सेंटिमीटर खाली. दीड सेंटिमीटरचा फरक! साध्या पट्टीने मोजता येईल.
हजार वर्षांपूर्वी अल्-बिरुनीने पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकलंय ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. तुमची नळी त्याच घराण्यातली आहे.

गवंडीकाका
म्हणजे रेघ सव्वादोनवर असेल तर समुद्र, चारवर असेल तर धरण. समजलं.

सातपाटीचा
उशिरा आलो, पण एक सांगू का? तुम्ही सगळे डोंगरावर उभे राहून समुद्र शोधताय. मी समुद्रावरून सांगतो. डोंगरावरून समुद्र दिसत असेल तर समुद्रावरून डोंगर दिसला पाहिजे, नजरेची वाट एकच.
आमची बोट खोल पाण्यात गेली की आधी किनारा जातो, मग नारळ-सुरू जातात, मग जवळचे डोंगर. लहानपणी आजोबांबरोबर जायचो. पावसानंतर पहिल्या-पहिल्या फेऱ्यांत, नारळी पौर्णिमा होऊन काही दिवस गेले की, पहाटे सूर्य वर यायच्या जरा आधी पूर्वेला एकामागे एक तीन रांगा दिसायच्या. सगळ्यात मागची अगदी फिकट, दातेरी. सूर्य वर आला की पुसली जायची. आजोबा तिला "घाटावरचे डोंगर" म्हणायचे. त्यात कळसूबाई होती का, मी छातीठोक सांगणार नाही, आम्हाला नावं माहीत नव्हती. पण त्या रांगेतलं सगळ्यात उंच टोक तीच असणार ना?

दीपस्तंभ
सातपाटीचा, अंगावर काटा आला. सूर्य मागे आणि डोंगर काळा, ४४३ किमीच्या फोटोची तीच युक्ती. तुमच्या आजोबांना ती रोज पहाटे फुकट दिसत होती.

घाटपायथा
मी माझं "नाही दिसत" मागे घेतो. "मला दिसला नाही" असं वाचावं.

पाऊलवाट
आज आईला फोन लावला. तिला विचारलं की बाबा नेमकं काय म्हणायचे. ती म्हणाली, "अगं, ते वर पोचले तेव्हा दिवस मावळत होता. सगळे आरती करत होते आणि हे एकटे मागे फिरून बघत होते. म्हणायचे, सूर्य त्या रेघेत बुडाला, आणि मला वाटलं आता चर्रर्र आवाज येईल." परतताना सगळे बत्त्या घेऊन रात्री बारीला, म्हणजे पायथ्याच्या गावी, उतरले. सातवी माळ होती एवढं तिला पक्कं आठवतंय, कारण लग्नाआधीच्या चार गोष्टी बाबांनी सांगितल्या त्यातली ही एक आणि तिथी सकट सांगितलेली ही एकच.
चर्रर्र आवाजाचं मला माहीतच नव्हतं. मला त्यांनी फक्त रेघ सांगितली होती.

त्रिज्या
ताई, ही पायरी फार मोठी आहे. सूर्य तलावात बुडू शकत नाही. तानसा क्षितिजाच्या पाऊण अंशाहून खाली आहे, म्हणजे दीड सूर्यबिंबाहून जास्त. सूर्य मावळतो तो क्षितिजावर. सूर्य "रेघेत" बुडाला असेल तर ती रेघ क्षितिजावरच होती.

थाळघाट
मान्य. तानसा बाद. पण क्षितिजावर साचलेला धुरकटपणाचा थरही कधीकधी पाण्यासारखा दिसतो, खालचा काठ एकदम सरळ. मी कसाऱ्याच्या वरच्या टेकडीवरून पाहिलाय. ती शक्यता उरते.

नकाशावेडा
उरते, म्हणून दिशा तपासू. १९६८ मध्ये २२ सप्टेंबरला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. २३ ला घट बसले. सातवी माळ २९ च्या आसपास. तेव्हा सूर्य ठीक पश्चिमेच्या दोन-अडीच अंश डावीकडे मावळतो. कुलंग त्याच्याही डावीकडे, आड येत नाही. समोर येतात टकमक-तांदुळवाडीचे डोंगर आणि त्यांच्या शेजारची वैतरणेची सखल जागा. सूर्य नेमका डोंगरावर उतरला की फटीत, हे अर्ध्या अंशावर ठरतं. आणि त्या दिवसांत मावळतीची जागा रोज जवळजवळ एक सूर्यबिंब डावीकडे सरकते. सहाव्या माळेला न दिसलेलं सातव्या माळेला दिसू शकतं.

भर_दुपारी
मग यंदा सातव्या माळेला सगळ्यांनी जायचं का?

नकाशावेडा
सातवी माळ नव्हे. तिथी दरवर्षी पुढेमागे होते, सूर्य तारखेप्रमाणे चालतो. २८ आणि २९ सप्टेंबर. एक रात्र माथ्याखाली राहून दोन्ही संध्याकाळी बघायच्या. मार्चच्या मध्यातही सूर्य तिथेच मावळतो, पण तेव्हा हवा मेलेली असते.

घाटपायथा
बारीत माझ्या ओळखीचं घर आहे. बारा माणसांची झोपायची सोय होईल, जेवणही. पाऊस असेल तर दोन दिवस पुढे ढकलू, पण त्याहून जास्त नको. उतरताना अंधार असेल, प्रत्येकाकडे हेडटॉर्च हवा, शिड्यांवर मोबाईलचा उजेड चालणार नाही.

सातपाटीचा
मी त्या दोन दिवसांत पहाटे बोटीवर असेन. निघताना फोन करीन. पूर्वेला काय दिसतं ते सांगतो, तुम्ही संध्याकाळी पश्चिमेला काय दिसतं ते सांगा.

पाऊलवाट
मी येते. भाऊही येतोय, त्याने हा धागा पूर्ण वाचला आणि स्वतःहून विचारलं. आईला वर नेणं शक्य नाही, ती बारीत थांबेल.
गवंडीकाका, नळी किती लांबीची घेऊ?

गवंडीकाका
पोरी, नळी मी आणतो, तू नको घेऊस. दहा फूट पुरे. पाण्यात चिमूटभर नीळ टाकायची, नाहीतर मावळतीच्या उजेडात पातळी दिसत नाही. आणि भरताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, बुडबुडा राहिला की दोन्ही टोकं खोटं बोलतात.